ओटमारच्या खडीतली रानचेरी

माझ्या दिराने, ओटमारने, माझं रानचेरीचं कुंपण छाटलं ते बुधवारी दुपारी, मी चर्चच्या हॉलमध्ये कढईसमोर उभी असताना. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या उपवासांआधी येणाऱ्या सोंगांच्या सणातला तेलकट गुरुवार. म्हणजे आदल्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका पीठ मळून गोड पुऱ्या तळायला जमणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोण कुठे आहे ते बघून केलेलं काम होतं ते.

घरी आले तर अंगाला तळणाचा वास, हातात पुऱ्यांचा डबा, आणि समोर काय, तर आरपार ओटमारचं घर. त्याच्या खिडकीतली कुंडी दिसली. कुंडीतलं प्लास्टिकचं फूल दिसलं. ते घर मला दिसू नये म्हणून तर मी ते कुंपण लावलं होतं.

त्याचं असं झालं. सासरे गेले तेव्हा दोघा भावांनी शेत वाटून घेतलं आणि हद्दीची रेघ बरोबर अंगणातून गेली. तिच्या या बाजूला मी आणि माझा नवरा मेइनराड, त्या बाजूला ओटमार आणि माझी जाऊ लिओबा. मी दोरीवर कपडे वाळत घातले की लिओबा खिडकीत यायची, आणि दुसऱ्या दिवशी बेकरीत सगळ्यांना कळायचं की मेइनराडच्या चड्डीला ठिगळ आहे. तिसऱ्या ठिगळाला मी कुदळ उचलली. नोव्हेंबरात रानाच्या कडेला गेले, रानचेरीची मनगटाएवढी रोपं मुळासकट खणली, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि हद्दीवर ओळीने पुरली. प्रेमाने नाही लावली, रागाने लावली. आणि रागाने लावलेलं झाड कसं वाढतं ते विचारूच नका. पहिल्या उन्हाळ्यात मी संध्याकाळी एका शेंड्यावर टोपी अडकवली, ती सकाळी काढायला शिडी लागली.

पुढे तर काय सांगू. एप्रिलमध्ये असा बहर यायचा की पोस्टमन एकदा त्यात शिरला तो तिसऱ्या दिवशी मधमाश्यांनी बाहेर काढून दिला. महिनाभर गावात आलेली पत्रं चिकट लागत होती. जुलैत खाली पडलेली, आंबलेली फळं खाऊन भोरड्या इतक्या झिंगायच्या की उडायचं विसरून ओळीने चालत घरी जायच्या. खोटं वाटत असेल तर आमच्या पाद्र्यांना विचारा, भोरड्यांना वाट द्यायला त्यांची गाडी थांबली होती.

पण मी राग सांगत होते.

रानचेरीला कात्री लावायची ती जुलैत, फळं उतरल्यावर, कोरडा, उन्हाचा दिवस बघून. मग जखम पटकन भरते. थंडीत, ओल्यात कापलंत की जखम उघडी राहते, डिंक भळभळतो, बुरशी आत शिरते, आणि जूनमध्ये पानं चांदीसारखी चमकायला लागतात. दिसायला छान. पण झाड गेलेलं असतं. हे आमच्या दरीत शेंबडं पोरही सांगेल, कारण घरोघरी चेरीची दारू गाळतात. ओटमारही गाळतो. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आणि त्याने कापलं असतं तरी एक वेळ. ट्रॅक्टरला लावायचं ते छाटणीचं यंत्र आणून त्याने झाडं चावली होती. कमरेएवढे खुंट उरले होते, प्रत्येकाच्या टोकाला लाकडाचा झाडूसारखा चोथा. ती चकचकीत तांबूस साल, बांगड्या घातल्यासारखी, ती पट्ट्यापट्ट्यांनी लोंबत होती. वरून बारीक पाऊस.

ओटमार त्याच्या बाजूला फांद्या गोळा करत होता. मेइनराड गेल्यावरसुद्धा आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतो. वाटणीच्या आधी 'तू' होतं. आमच्याकडे घरच्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं की त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं असतं.

"भावजी," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"कुंपण छाटलं, वहिनी. फेब्रुवारी संपत आला. मार्च लागला की पक्षी घरटी करतात, मग छाटायला बंदी. सरकारी नियम आहे."

"ही चेरी आहे."

"कुंपण आहे ना? कुंपण फेब्रुवारीत छाटतात."

"चेरी जुलैत कापतात, हे तुम्हाला तुमच्या बापाने कानाला धरून शिकवलंय."

त्याने फांद्यांचा भारा खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि असा गोड हसला की मला डब्यातली पुरी फेकून मारावीशी वाटली. "मग झाड म्हणा की. माझी काही हरकत नाही. फक्त झाड हद्दीपासून किती लांब लावायचं असतं ते माहीत आहे ना? झाड म्हटलंत तर सगळी ओळच उपटावी लागेल. तुम्हीच सांगा काय म्हणायचं ते."

म्हणजे कुंपण म्हटलं तर फेब्रुवारीत मारायचं, झाड म्हटलं तर मुळासकट. इतकी अक्कल त्याला स्वतःची नाही. घोकून आला होता.

यामागचं कारण मला माहीत होतं. ओटमारने गोठ्याच्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. हॅम्बर्गहून माणसं ब्लॅक फॉरेस्टची हवा खायला येतात. हवा खातात आणि कुंपणाला लागून पांढऱ्या गाड्या लावतात. त्यासाठी त्याने मागच्या वर्षी अंगण खणून खडी टाकली. वरून माझ्या चेरी, चेरीवर भोरड्या, आणि भोरड्यांखाली गाडी. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही जेवून बसला असाल.

त्या संध्याकाळी मी गावभर फिरले. बेकरीवाली म्हणाली, "फुटेल की पालवी." पाद्री म्हणाले, "शेजारधर्म महत्त्वाचा, आणि त्यात घरचेच शेजारी." सोंगांच्या मंडळाचा प्रमुख फिडेलिस आपल्या घुंगरांना पॉलिश करत होता. त्याने मानही वर केली नाही. "बुर्गल आजी, सण होऊन जाऊ दे. या चार दिवसांत गावात भांडण नको."

"मी भांडत नाहीये. माझी झाडं मरतायत."

"सण झाल्यावर बघू."

सण झाल्यावर काय बघणार होता? डिंक?

घरी येऊन मी माळ्यावरची पेटी खाली काढली. आमच्याकडे सोंगं घराण्यात चालत येतात. मेइनराडचा मुखवटा त्याच्या आजोबांनी लिंडनच्या लाकडातून कोरून घेतलेला. गोरापान, गुलाबी गालांचा, मंद हसणारा तरुण. इतका गोड चेहरा की त्याला बघून दूध नासत नाही, उलट नासलेलं परत नीट होतं. मी तो घातला, वरून घुंगरांचे पट्टे चढवले. आरशात बघितलं तर हा देखणा पोरगा मजेत हसतोय, आणि आत मी दात खातेय.

सणातला आमचा एक हक्क आहे. मुखवटा घातलेल्याने आवाज बदलून कुणालाही 'अरे-तुरे' करायचं आणि वर्षभराचं सगळं तोंडावर सांगायचं. ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. हसायचं, आणि सुनावणाऱ्याला एक ग्लास पाजायचा. आणि मुखवट्याला हात लावायचा नाही. आमच्या गावात माणूस बायकोला सोडून गेला तर चार दिवसांत विसरतात, पण मुखवट्याला हात लावलेला विसरत नाहीत.

गुरुवारी दुपारी खानावळ खचाखच भरलेली. ओटमार नेहमीच्या टेबलाशी, शेजारी त्याचे दोन पाहुणे, समोर बिअर. त्याने मला दारातच ओळखलं, म्हणजे मुखवट्याला ओळखलं. त्याचा चेहरा जरा पडला. मी मान तिरकी करून, घुंगरं वाजवत जवळ गेले आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज काढला.

"ओटम्या, ए ओटम्या, ओळखलंस का रे मला?"

"नाही बुवा," तो म्हणाला. असंच म्हणायचं असतं.

"पण मी तुला ओळखते. तूच ना तो, जो चेरीची दारू स्वतः पितो आणि पाहुण्यांना बटाट्याची पाजतो?"

टेबल हसलं. पाहुणे आपल्या ग्लासात बघू लागले.

"आणि तूच ना तो, जो बायका पुऱ्या तळत असताना चोरून ट्रॅक्टर काढतो? एवढा शूर गडी. म्हातारी घरात असताना हिंमत झाली नाही होय रे?"

"कुंपण छाटणं गुन्हा नाही," ओटमार हसत म्हणाला, पण हसू आता नुसतं दातांपुरतं होतं.

"गुन्हा कोण म्हणतंय? मी तर कौतुक करतेय. गावात दात किडलेली माणसं पुष्कळ आहेत, पण झाडं चावणारा तू एकटाच. लिओबा तुला जेवायला काय वाढते रे, भुसा?"

खानावळ लोळायला लागली. लिओबा कोपऱ्यात बसली होती, ती सगळ्यात मोठ्याने हसत होती. मला तिथेच थांबायला हवं होतं. ग्लास घ्यायचा आणि पुढच्या टेबलाला जायचं. पण तळपायाची आग मस्तकात गेलेली. मी वाकले आणि त्याच्या कानाशी, बदललेल्या आवाजात नाही, माझ्या आवाजात म्हटलं, "तुझ्या भावाने ही फळं शेवटच्या उन्हाळ्यात अंथरुणावरून मागून खाल्ली होती. तुला ते माहीत होतं."

ओटमार उठला. खुर्ची मागे पडली. त्याने दोन्ही हातांनी मुखवटा धरला आणि ओढला. "याच्या तोंडाने बोलू नकोस," तो म्हणाला, "माझ्या भावाच्या तोंडाने मला बोलू नकोस."

कातड्याचा पट्टा तुटला. मुखवटा त्याच्या हातात आणि मी उघडी, घामेजलेली, केस विस्कटलेले, सगळ्यांसमोर.

बॅंड थांबला. आणि मग बघा, ती सगळी खानावळ, एकूण एक माणूस, उठून उभा राहिला. बेकरीवाली उभी राहिली. पाद्री उभे राहिले, तोंडात पुरी तशीच. फिडेलिस टेबलावरून उडी मारून आला, लाल झालेला.

"ओटमार," तो म्हणाला, "मुखवट्याला हात लावलास."

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं असेल. मला जास्तच राग आला. काल हेच सगळे मला म्हणत होते, फुटेल की पालवी. एक अख्खी जिवंत ओळ फाडून टाकली तर कुणाची भुवई हलली नाही, आणि लाकडाच्या एका मेलेल्या तुकड्याला हात लागला तर पाद्रीसुद्धा उभे. मी फिडेलिसला तसं सांगितलंही. त्याला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

नियम असा की हात लावणाऱ्याला मंडळ दंड ठोठावतं आणि दंड काय ते ज्याचा मुखवटा त्याने सांगायचं. बहुतेक जण वाइनचं पिंप मागतात. फिडेलिस तर पिंप कुठल्या गाडीने आणायचं ते ठरवायलाही लागला होता.

"वाइन नको," मी म्हटलं. "पुढच्या सणापर्यंत याने रानचेरीला पातं लावायचं नाही. कात्री नाही, करवत नाही, यंत्र नाही. लावायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"हद्दीच्या तुमच्या बाजूला," ओटमार म्हणाला. मुखवटा त्याने अजून छातीशी धरला होता.

"दोन्ही बाजूंना."

"मान्य," फिडेलिस म्हणाला, आणि बॅंड सुरू झाला. लोकांना पिंप न मिळाल्याचं वाईट वाटलं.

मार्चमध्ये खुंटांवरून डिंक वाहायला लागला, मधासारखा. मी टोकांचा चोथा धारदार सुरीने साफ केला, त्याहून जास्त त्या दिवसांत करता येत नाही. एप्रिलमध्ये चार-दोन काड्यांवर फुलं आली, ती बघून मला रडू नाही, ओरडावंसं वाटलं. जूनमध्ये पानं चमकली. सगळी ओळ उन्हात चांदीच्या दुकानासारखी. ओटमारचा एक पाहुणा कौतुकाने फोटो काढत होता. मी त्याला सांगितलं की ही मरणाऱ्या झाडाची चमक आहे, तेव्हा तो गेला.

जुलैत, कोरड्या दिवशी, मी करवत घेतली. एकेक खुंट खाली कापत गेले. कापलेल्या लाकडात मधोमध तपकिरी डाग दिसला की अजून खाली. काहींचा डाग जमिनीपर्यंत संपलाच नाही. ती झाडं तिथेच जाळली. उरली ती मोजकी, आणि त्यांच्याकडून मला आशा नव्हती. मी राख घातली, पाणी घातलं, शिव्या घातल्या. माझ्या बाजूला एक कोंब आला नाही.

आले ते ओटमारच्या खडीत.

चेरीचं मूळ जिथे जखमी होतं तिथून फुटतं. खडीसाठी त्याने जमीन खणली तेव्हा मुळं तुटली होती, आणि आता वरचं डोकं गेल्यावर सगळा जोर तिकडे. खडीतून फुटले, फरशीच्या फटींतून फुटले, पाहुण्यांच्या बाकाखालून फुटले. एक तर पांढऱ्या गाडीच्या खालून इतक्या जोरात वर आला की सकाळी गाडीची चाकं जमिनीला टेकत नव्हती. पाहुणा आत बसून नुसता ॲक्सिलरेटर दाबतोय आणि भोरड्या बघतायत.

मला काय वाटलं असेल? राग आला. मी रानातून आणली, मी लावली, मी वाढवली, आणि ही निघाली त्याच्या घरी राहायला.

ओटमार हद्दीवर आला. टोपी हातात.

"वहिनी, तो बाकाखालचा एक कापू?"

"नाही."

"पाहुण्यांच्या पायात येतो."

"पाहुण्यांना पाय वर घेऊन बसायला सांगा."

पुढच्या आठवड्यात परत. "दारासमोरचा तरी? लिओबा अडखळून पडली."

"लिओबाला खिडकीची सवय आहेच, तिकडूनच येऊ-जाऊ दे."

मागून लिओबाचा आवाज आला, "मी ऐकतेय हं बुर्गल."

"ऐकावं म्हणूनच बोलतेय."

ऑगस्टमध्ये ते कोंब गुडघ्याएवढे झाले, सप्टेंबरमध्ये कमरेएवढे. निरोगी, हिरवे, एकाही पानावर चमक नाही. पाहुण्यांनी गाड्या खाली चर्चपाशी लावायला सुरुवात केली आणि बॅगा ओढत वर येताना ते ओटमारला काय काय म्हणायचे ते मी खिडकी उघडी ठेवून ऐकायची. पण ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन बसली होती, आणि ती काही केल्या उठेना. माझं कुंपण जगलं तर आता त्याच्या जमिनीत जगणार होतं. फेब्रुवारीत सण येणार, दंड संपणार, आणि दुसऱ्या दिवशी तो यंत्र आणणार. तोवर ते खणून परत माझ्या बाजूला लावायला हवे होते. आणि त्यासाठी मला त्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या खडीत गुडघे टेकून, "घेऊ का भावजी?" म्हणून विचारावं लागलं असतं.

मी विचारणार नव्हते. पानं गळली तरी विचारलं नाही. नोव्हेंबर लागला, रोपं हलवायचा काळ आला, मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघायची आणि आत येऊन कपबश्या आपटायची.

मग एका सकाळी हातगाडीचं चाक कुरकुरलं. ओटमार हद्दीपर्यंत आला आणि थांबला. गाडीत कोंबांचा भारा, मुळं ओल्या गोणपाटात.

"दंडात पातं लावायचं नाही असं होतं," तो म्हणाला. "कुदळीबद्दल काही ठरलं नव्हतं."

मी जवळ जाऊन गोणपाट उघडलं. "मुळं अशी तोडतात? हे काय, नुसतं शेपूट राहिलंय. जाडं मूळ दोन्हीकडून वीतभर घेऊन खणायचं असतं. तुमच्या बापाने तुम्हाला शिकवलं तरी काय?"

"खडीतून खणून बघा तुम्ही, मग बोला."

"खडी कुणी टाकली?"

मी कुदळ आणली. जुन्या खड्ड्यांत बुरशी असणार, म्हणून ओळ माझ्या घराकडे जरा सरकवून नवे खड्डे घेतले. त्याने विचारलं नाही, मी बोलावलं नाही, पण पहिलं रोप मी खड्ड्यात ठेवलं तेव्हा तो हद्द ओलांडून आला आणि ते सरळ धरून उभा राहिला. मी माती लोटली, पायाने दाबली.

"डावीकडे कललंय."

"नाही कललेलं."

"मला डोळे आहेत."

त्याने सरळ केलं. दुसरं धरलं. तिसरं. दुपारपर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त डावीकडे आणि उजवीकडे एवढंच बोललो. लिओबाने खिडकीतून कॉफी विचारली आणि लगेच आणून ठेवली. भारा संपला तेव्हा त्याने हातांची माती पँटला पुसली आणि ओळीकडे बघत म्हणाला, "गेला का राग?"

"नाही."

"मग अजून किती आणू? खडीत पुष्कळ आहेत."

"सगळे," मी म्हटलं. "आणि या वेळी मुळं धरून."

त्याने हातगाडी वळवली.